विश्लेषण : वाढत्या उन्हाचा चिमण्यांच्या विणीवर काय परिणाम होतो?

मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो आणि त्याच दिवसांत वळचणीला, मीटरच्या पेटीमागे, दुकानाच्या शटरवर चिमण्यांची काड्या गोळा करण्याची लगबग दिसते. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनानिमित्त अनेक जण गॅलरीत लाकडी घरटीही टांगतात. मात्र जागा चुकली तर हेच घरटे पिल्लांसाठी भट्टी ठरू शकते.

वीण किती दिवसांची?

भारतात चिमणीची वीण जवळपास वर्षभर आढळते. भागानुसार तिचा जोर कमी-जास्त होतो. मादी साधारण ३ ते ५ अंडी घालते. ११ ते १४ दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि आणखी सुमारे दोन आठवडे घरट्यात राहतात. म्हणजे सगळा खेळ जेमतेम महिनाभराचा. या महिन्यात उष्णतेची लाट किंवा अवकाळी पाऊस आला, तर अख्खी वीण वाया जाऊ शकते. जोडी पुन्हा अंडी घालू शकते, पण तोवर हंगामाचा मोठा भाग सरलेला असतो.

उष्णता नेमकी कुठे मारते?

अंडी उबवण्यासाठी ऊब लागतेच. पण अंड्याचे तापमान बराच वेळ ४० अंशांच्या वर राहिले, तर आतला गर्भ दगावू शकतो. हवामान खाते सांगते ते सावलीतील हवेचे तापमान. तापलेल्या पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीवर ते त्याहून बरेच जास्त असते. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक उष्ण मार्च ठरला होता.

पिल्ले जन्मतः उघडी, डोळे मिटलेली असतात. सुरुवातीचे काही दिवस त्यांना शरीराचे तापमान राखता येत नाही. पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकतात. त्यात शरीरातले पाणी कमी होते आणि घरट्यातल्या पिल्लाला पाणी मिळते ते मुख्यतः अन्नातूनच.

उन्हाचा ठसा पुढेही राहतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील चिमण्यांच्या अभ्यासात, विणीच्या काळात जिथे कडक ऊन असते तिथल्या प्रौढ चिमण्या आकाराने लहान असल्याचे दिसले.

पावसाचे काय?

पाऊस शत्रूही आणि मित्रही. मोठ्या चिमण्या दाणे खातात, पण पिल्लांना पहिल्या दिवसांत अळ्या, मावा, नाकतोडे असे मऊ, प्रथिनयुक्त खाद्य लागते. सलग पावसात कीटक मिळणे अवघड होते, शिवाय पिल्लांना ऊब देत बसावे लागल्याने आईच्या खाद्याच्या फेऱ्या घटतात. उलट चांगल्या पावसानंतर हिरवळ वाढते, कीटक वाढतात आणि पिल्ले पोसणे सोपे होते.

मग चिमण्या हवामानामुळेच घटल्या?

तसे म्हणता येत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२०’ या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. घट दिसली ती मुंबईसह सहा महानगरांत. ऊन-पाऊस गावालाही चुकत नाही. फरक निवाऱ्याचा आणि खाद्याचा आहे. कौलारू घरांच्या वळचणीत सावली आणि हवा दोन्ही मिळत. काचेच्या आणि सपाट काँक्रीटच्या इमारतींत तशा फटी नाहीत, तर कीटकनाशके आणि शोभेच्या झाडांमुळे अळ्याही कमी. अशा ठिकाणी उष्णतेचा फटका सोसण्याची ताकद उरत नाही.

आपण काय करू शकतो?

- घरटे लाकडी असावे. पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे नको.
- दुपारचे ऊन येणार नाही अशा सावलीच्या भिंतीवर, मांजर पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ते लावा. पश्चिमेची भिंत टाळा.
- प्रवेशाचे भोक सुमारे ३२ मिलिमीटर ठेवा. हवा खेळण्यासाठी वरच्या बाजूला बारीक छिद्रे हवीत.
- उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला.
- कुंड्यांवर कीटकनाशक फवारू नका; देशी झाडे लावा.
- अंडी किंवा पिल्ले असताना घरटे उघडून पाहू नका, जागाही बदलू नका.

यंदा घरटे टांगणार असाल, तर आधी दुपारी दोन ते चार या वेळेत त्या भिंतीला हात लावून पाहा. हाताला चटका बसत असेल, तर ती जागा पिल्लांसाठी नाही.