पलीकडे कोणी आहे का?

साठीनंतर माणसे साधासा फोन करायलाही दिवसचे दिवस लावतात, अशी तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. बँकेतली चौकशी, डॉक्टरांची वेळ, हयातीच्या दाखल्याबद्दलची विचारणा. कामे पाच मिनिटांची, टाळाटाळ पाच दिवसांची. तिला आळस, भित्रेपणा किंवा तंत्रज्ञानाचे वावडे अशी नावे देऊन तरुण पिढी मोकळी होते. हे निदान वरवरचे आहे आणि सोयीचेही.

मुळात वार्धक्यात फोनवरचे बोलणे खरोखरच अवघड होते. वयोमानाने श्रवणशक्ती क्षीण होते ती आधी उच्च कंप्रतेच्या ध्वनींच्या बाबतीत. 'स', 'श' यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती बव्हंशी याच ध्वनींमुळे. पारंपरिक दूरध्वनी तर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज वाहून नेतो. म्हणजे कानाने जे गमावले, तेच यंत्रही गाळते. समोरासमोर ओठांच्या हालचाली ही तूट भरून काढतात. फोनवर तो आधार नाही. 'सात' की 'साठ', हे तिसऱ्यांदा विचारताना माणूस स्वतःच्याच नजरेत उतरतो. ही मानहानी उद्यावर ढकलण्याला आळस कसा म्हणावा?

दुसरी गोष्ट संस्काराची. या पिढीने ट्रंककॉलसाठी तासन्‌तास वाट पाहिली, एसटीडी बूथवर मीटरकडे डोळे लावून बोलणे आटोपले. पलीकडे ऐकणारा माणूस असतो, हे मात्र तिने गृहीत धरले होते. आज तिथे ध्वनिमुद्रित आवाज असतो : अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन. आपली अडचण त्या यादीत नसेल, तर ती जणू अस्तित्वातच नाही. त्यातून मराठीचा पर्याय मिळाला तर नशीब! भरीस भर म्हणजे २०२४ साली 'डिजिटल अटके'च्या फसवणुकी गाजल्यापासून अनोळखी आवाजावर विश्वास ठेवू नका, असे ज्येष्ठांना सतत बजावले जाते. आणि कामे मात्र अनोळखी आवाजांकडेच सोपवायला लावली जातात.

यावर घरातला ठरलेला तोडगा म्हणजे, 'द्या इकडे, मीच करतो.' वरकरणी ही माया. परिणामी मात्र घातक. आज फोन दुसऱ्याने केला, उद्या खाते दुसऱ्याने सांभाळले, परवा औषधोपचाराचा निर्णयही दुसऱ्यानेच घेतला. म्हणून फोन ज्याचा त्यानेच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न कागदावर उतरवून, क्रमांक ठळक लिहून, सकाळच्या ताज्या वेळी करावा. 'सावकाश बोला, मला कमी ऐकू येते,' हे पहिलेच वाक्य असावे. त्यात लाज कसली? घरच्यांनी शेजारी बसावे, पण बोलू नये.

अर्थात एवढ्याने संस्थांची जबाबदारी संपत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली सत्तरीपुढील ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असे बँकांना सांगितले. पण ती सेवा मागवायची कशी? बहुधा फोन करूनच! तेव्हा निदान पहिल्याच पर्यायावर, मराठीतून, घाई न करता बोलणारा माणूस भेटावा, एवढी मागणी अवास्तव नाही. ती पुरी होईपर्यंत टाळाटाळीचा ठपका एकट्या म्हाताऱ्यांवर ठेवण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.