जलप्रवासाला निघण्यापूर्वी

माझा दवाखाना शिळफाट्याला, घाटाच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे एक विकार मी पुस्तकापेक्षा रस्त्यावरच अधिक शिकलो. बोरघाटाची वळणे उतरून आलेली गाडी फाट्यावर थांबते, दार उघडते आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याचे एखादे मूल खाली उतरून ओकू लागते. ‘गाडी लागली’ एवढेच सोबतचे लोक सांगतात. हे ‘लागणे’ आपल्या भाषेत मोटारीहून जुने असावे. कोकणच्या माणसाला आधी बोट लागत असे, मग गाडी लागू लागली.

मागच्या पंधरवड्यात बोट लागण्याचीच शंका घेऊन एक जोडपे आले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय 74. मधुमेह 20 वर्षांचा, शिवाय मागे एकदा येऊन गेलेल्या हृदयविकाराच्या झटक्याने हृदयाची ताकद थोडी उणावलेली. काकू 70 वर्षांच्या. लग्नाला 50 वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून पुण्याच्या मुलाने त्यांच्यासाठी एका लहान, आलिशान जहाजावरची खोली आरक्षित केली आहे. कोलकात्याहून निघायचे, हुगळीच्या पात्रातून वर जात चंद्रनगर, कालना पाहत मुर्शिदाबाद गाठायचे. सात रात्री जहाजावर. गुरुजींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. चित्रात शुभ्र चादर घातलेला पलंग होता आणि खिडकीबाहेर नदी.

“डॉक्टर, गंगा आहे. आता नाही म्हणू नका.”

नाही म्हणणे आम्हा डॉक्टरांना फार सोपे असते. नाही म्हटले की आमची जबाबदारी तेथेच संपते. ज्याची इच्छा मारली गेली त्याचे काय होते, ते आम्हाला पाहावे लागत नाही. मीही अनेक वर्षे असाच झटकन नकार देत असे. माझ्या वडिलांनाही दिला होता.

वडील विजयदुर्गाकडचे. लहानपणी ते मुंबईहून गावी जात ते आगबोटीने. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटे आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी अशी बंदरे घेत विजयदुर्गास येई. कित्येक ठिकाणी बोट धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, कोंबड्यांच्या पाट्या पडावात उतरवल्या जात. 1947 सालच्या 17 जुलैला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. वडील तेव्हा आठ वर्षांचे होते. त्यानंतर माझी आजी बोटीत पाऊल ठेवताना मोठ्याने देवाचे नाव घेई, असे ते सांगत. भीती आजीला होती, वडिलांना मात्र त्या प्रवासाचे वेडच लागले. रस्ते सुधारले, किनाऱ्याची प्रवासी वाहतूक बंद झाली, तरी त्यांच्या तोंडी बंदरांची ती माळ शेवटपर्यंत होती.

2018 च्या ऑक्टोबरात ‘आंग्रिया’ नावाचे जहाज मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले. कान्होजी आंग्र्यांचे नाव, 104 खोल्या, सुमारे चारशे प्रवाशांची सोय. दुपारी मुंबईच्या गोदीतून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला पोहोचायचे. वर्तमानपत्रातले ते कात्रण वडिलांनी माझ्या टेबलावर आणून ठेवले. मी म्हणालो, “वय 80, प्रोस्टेट वाढलेली, रात्री तीन-चार वेळा उठता. कशाला?” ते काही बोलले नाहीत. कात्रण मात्र परत नेले नाही. ते टेबलावरच राहिले, औषधांच्या नमुन्यांच्या खोक्याखाली. अखेर फेब्रुवारीत मी दोघांची तिकिटे काढली.

त्या संध्याकाळी वडील वरच्या डेकवर खुर्ची टाकून बसले होते. किनारा बराच लांब होता, दिवे तुरळक. घड्याळ पाहून ते मनाशी हिशेब करीत होते. आता हे दाभोळ असेल. आता जयगड यायला हवे. जहाज वाटेत कोठेही थांबणार नव्हते, तरी त्यांची बोट प्रत्येक बंदराला थांबत होती. मी रात्रीचे जेवण होताच त्यांना प्रोमेथाझीनची एक गोळी दिली. बोट लागू नये म्हणून, त्यांना काहीही होत नसताना.

रात्री एकच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. लघवीची तीव्र भावना होती आणि थेंबही येत नव्हता. ओटीपोटावर हात ठेवताच मला समजले, आणि हे कोणी घडवले तेही समजले. या गटातल्या जुन्या ओकारीविरोधी गोळ्या मूत्राशयाचे आकुंचन मंदावतात. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे आधीच वाट अरुंद असते. त्यात मागून जोर मिळेनासा झाला की लघवी अडते. हे मी रुग्णांना 100 वेळा सांगितलेले. माझ्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र होते, ग्लुकोमीटर होता, अँटिबायोटिके होती, नळी नव्हती. बाहेर समुद्र काळा होता आणि जहाज आपल्या गतीने चालले होते. मी त्यांना उभे केले, खोलीतल्या खोलीत चालवले, नळ सोडून ठेवला, गरम पाण्याने शेकले. पहाटे थोडी धार आली, वेदना सुसह्य झाली. सकाळी गोव्यात उतरताच रुग्णालयात नळी घातली तेव्हा पिशवीत 900 मिलिलिटर जमा झाले. घरी परतल्यावर वडिलांनी शेजारपाजाऱ्यांना प्रवासाचे सविस्तर वर्णन ऐकवले. त्यात नळीचा उल्लेख नव्हता. “मला बोट लागली नाही,” हे मात्र ते प्रत्येकाला सांगत.

ते खरेच होते, आणि लागणारही नव्हती. आतल्या कानातील तोलाची इंद्रिये सांगतात की शरीर हलते आहे, डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ निर्माण होते. मुलांमध्ये ही प्रवृत्ती सर्वांत अधिक असते, आणि पन्नाशीनंतर बहुतेकांत ती उतरत जाते. म्हणजे ज्या वयात या गोळ्यांची गरज सर्वांत कमी, त्याच वयात त्यांचे उपद्रव सर्वांत जास्त: तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, गुंगी, तोल जाऊन पडणे, रात्री अचानक भ्रम होणे. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. ज्यांना चक्करेसाठी सिनारिझीन महिनोन्महिने चालू असते, त्यांच्या हातापायांत कंपवातासारखी लक्षणे दिसलेली मी पाहिली आहेत. ज्येष्ठांनी ‘असू दे सोबत’ म्हणून अशी गोळी स्वतःहून घेऊ नये. मळमळलेच तर उघड्या हवेत यावे, नजर क्षितिजावर ठेवावी, पोट रिकामे ठेवू नये आणि गच्चही भरू नये. आलेपाकाचा तुकडा चघळण्याची जुनी सवय निरुपद्रवी आहे आणि काहींना खरोखर उपयोगी पडते.

गुरुजींना मी हे सर्व सांगितले. नदीत समुद्रासारखी लाट नसते, तेव्हा मळमळीची चिंता त्यांनी सोडून द्यावी असेही म्हणालो. नदीवरच्या या लहान जहाजांकडे अलीकडे बऱ्याच ज्येष्ठांचा ओढा दिसतो. 2023 च्या 13 जानेवारीला वाराणसीहून निघालेले ‘गंगा विलास’ 51 दिवसांत बांगलादेशमार्गे दिब्रुगडला जाणार होते, सुमारे 3,200 किलोमीटर. आणि खोल्या अवघ्या 18, प्रवासी 36. इतक्या लहान जहाजाचे सुख मला मान्य आहे. हजार-दोन हजार प्रवाशांच्या जहाजावर जेवणघरापर्यंत जाण्यातच गुडघे थकतात, आणि उलट्या-जुलाबाची साथ आली तर वेगाने फिरते. (तशा साथीत हाताला चोळायच्या सॅनिटायझरपेक्षा साबण आणि वाहते पाणी अधिक भरवशाचे.) लहान जहाजावर वाढणारा मुलगा तिसऱ्या दिवशी तुम्हाला नावाने ओळखतो, तुमचा चहा बिनसाखरेचा हे त्याच्या लक्षात राहते. परंतु मोठ्या जहाजावर सहसा डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. लहान जहाजावर तो असेलच असे नाही. हा प्रश्न खोलीचे पैसे भरण्यापूर्वी विचारायचा असतो. रात्री जहाज कोठे नांगरलेले असते, तेथून मोटारीने रुग्णालय किती दूर, हेही विचारावे. मुलाला मी तेथूनच फोन लावला. त्याने हे विचारलेले नव्हते. खिडकीतून नदी दिसते का, हे विचारले होते.

गुरुजींच्या बाबतीत माझी खरी काळजी दोन गोष्टींची होती. पहिली जेवणाची वेळ. घरी ते साडेसातला साखरेची गोळी घेतात आणि पावणेआठला पानावर बसतात. अशा जहाजांवर आधी सरबते, मग गाणे-बजावणे आणि मग जेवण. नऊही वाजू शकतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी साडेसातला घेऊन बसलेल्या माणसाला त्या दीड तासात घाम फुटतो, हात थरथरतात आणि पाहणाऱ्याला वाटते, वयामुळे दमले असतील. गोळी ताट समोर आल्यावरच घ्यायची, आणि खिशात ग्लुकोजची पुडी असू द्यायची. दुसरी काळजी लघवीच्या गोळीची. सहलीच्या दिवशी शौचालयाची पंचाईत नको म्हणून कित्येक ज्येष्ठ ती गुपचूप चुकवतात. वर जहाजाच्या जेवणात लोणची, पापड, सूप, खारवलेले मासे यांतून मीठ दुपटीने पोटात जाते. अशक्त हृदयाला हे तीन दिवस पुरते. चौथ्या रात्री आडवे पडताच धाप लागते. गुरुजींनी खाली पाहिले. मागच्या वर्षी अष्टविनायक यात्रेत त्यांनी ती गोळी चुकवली होती, हे काकूंनी सांगितले. आता गोळी पहाटे उठल्याबरोबर घ्यायची, म्हणजे किनाऱ्यावर उतरेपर्यंत तिचा जोर ओसरतो. वजनकाटा सोबत नेणे त्यांना हास्यास्पद वाटले. मी आग्रह धरला. दोन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ते चरबीचे नसते, पाण्याचे असते.

बाकीचे थोडक्यात सांगितले. सर्व औषधे, दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक, हातातल्या पिशवीत. विमानात खाली द्यायच्या बॅगेत नाहीत. औषधांची मूळ नावे आणि मात्रा लिहिलेला कागद आणि शेवटचा हृदयाचा आलेख, दोघांच्याही पिशवीत. जहाजावर स्नानगृहाच्या दाराला बहुधा उंच उंबरठा असतो. रात्री तेथेच पाय अडकतो, म्हणून दिवा चालू ठेवूनच निजावे. फ्लूची लस निदान दोन आठवडे आधी. आणि नदीच्या प्रवासात किनाऱ्यावर उतरणे म्हणजे फळीवरून चालणे आणि चिखलट घाटाच्या पायऱ्या चढणे. रोज उतरलेच पाहिजे असे कोणाचे बंधन नाही.

हे सगळे गुरुजी वहीत लिहून घेत होते, शिक्षकाच्या टपोऱ्या अक्षरात. काकू पदराशी चाळा करीत ऐकत होत्या. लिहून झाल्यावर त्या प्रथमच बोलल्या.

“तिथे ह्यांचं पथ्याचं जेवण मला करावं लागेल का?”

नाही, म्हणालो. तेथे स्वयंपाकी असतो, आधी कळवले की तो करतो.

“सातही दिवस?”

“सातही दिवस, काकू.”

त्या हसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आले की अर्धा तास मी एकाच प्रवाशाची तयारी करीत होतो. गुरुजींच्या खुर्चीवर त्यांना बसवून रक्तदाब पाहिला. 174 वर 96. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिला, जवळजवळ तेवढाच. त्यांच्या गोळ्या दीड महिन्यापूर्वी संपल्या होत्या. गुरुजींची औषधे आणताना पैसे पुरले नाहीत, म्हणून पुढच्या वेळी आणू म्हटले, आणि पुढच्या वेळीही तसेच झाले. मुलाला यातले काही ठाऊक नव्हते. गुरुजींनाही नव्हते, ते वहीचे पान उघडे ठेवून तसेच बसून राहिले.

जहाज सुटायला अजून सात आठवडे आहेत. काकूंची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली, लघवीची आणि रक्ताची तपासणी लिहून दिली आणि येत्या सोमवारी त्यांना एकटीला बोलावले आहे. गुरुजींना म्हणालो, वहीत दुसरे पान काढा, वर काकूंचे नाव घाला.