तव्यावरचा कांदा कुणाचा?

साथींनो,

मागच्या अंकात भाकरीवर सात कविता होत्या. त्यातली एक माझी. सातही कवितांत आई चुलीपुढं बसलेली, आणि सातही कवी ताटावर. आईला माझी वाचून दाखवली. ती म्हणाली, "चांगली हाय. पन तवा कोन घासनार?"

तेव्हापासून डोकं तापलंय. म्हणून आज कविता नाही. आज बटाटे.

चार बटाटे धुवा. साल काढू नका. पातळ चकत्या करा. लोखंडी तवा तापला की पळीभर तेल सोडा, चकत्या पसरा, मीठ टाका, वर ताटली झाका. सारखं हलवू नका. खालची बाजू लाल होऊ द्या, मग उलटा. तोवर मूठभर वाळवलेला कांदा कोमट पाण्यात भिजवा. पिळून तो शेवटी टाका. आधी टाकाल तर जळून कडू होईल. वरून वाळली लाल मिरची आणि लसूण कुटून, कैरीच्या वाळल्या फोडीची चिमूट. घरात भाजी नसली की आमची हीच भाजी. रातपाळीच्या डब्यातही हीच.

आता त्या कांद्याचं ऐका.

आमच्या नांदगाव तालुक्यात मार्च-एप्रिलात उन्हाळ कांदा निघतो. आई कांदा काढायला, निवडायला जाते. मोठा माल ट्रॅक्टरनं मार्केटला जातो, मागं राहते गोल्टी. भाव पडला की बागायतदार मजुरीला हात आखडतो. वर म्हणतो, "गोल्टी ने की गोणीभर, तुला काय कमीय?" म्हणजे उपकारच! ती गोणी आई डोक्यावर आणते. रात्री कापते. पत्र्यावर जुनं लुगडं टाकून पसरते, चार-पाच दिवस ऊन दाखवते, अवकाळीच्या भीतीनं रोज संध्याकाळी आत घेते. दहा किलो कांद्याचा वाळून जेमतेम सव्वा किलो उरतो. बाकी सगळं पाणी. त्यात आईच्या डोळ्यांचं धरलेलं नाही.

हायवेवरचा ढाबेवाला याला गावरान चव म्हणून विकतो. कसली चव? ही न मिळालेली मजुरी आहे, वाळवून डब्यात भरलेली.

मी कापसाच्या गिरणीत आहे. डबा उघडला की मुकादम नाकाला रुमाल लावतो. "तुम्ही लोकं बाहेर बसा, वास मारतो." त्याच्या घरी काय लसूण फोडणीला पडत नाही? पडतो. पण तो त्याचा लसूण. आमचा डबा दाराबाहेर, धुळीत.

आणि हा बटाटा तरी कुठला? मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगीजांच्या गलबतातून इकडं आला. नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं. मिरचीही त्याच वाटेनं आली. कुठल्या ऋषीनं पेरला होता हा बटाटा? तरी परमुलखातला बटाटा एकादशीच्या ताटात जाऊन बसला. शुद्ध झाला. आणि इथल्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला डब्याच्या पंगतीत जागा नाही!

एक साथी म्हणाला, "बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. तसं हे गरिबीचं खाणंही सोडा. कार्यक्रमाला पनीर ठेवा." अरे दोस्ता, त्यांनी लाचारी सोडायला सांगितली. दुसऱ्याच्या ताटाची नक्कल करायला नाही सांगितलं. वाळला कांदा लाजिरवाणा नाही. तो मजुरीऐवजी पदरात पडतो, हे लाजिरवाणं आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली होती. तिथं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. माझ्या तव्यावर दोन्ही आहेत. एक मजुरीत गोल्टी देते, दुसरी त्याच गोल्टीला नाक मुरडते. पण बाबासाहेब तिथंच थांबले नाहीत. ब्राह्मणशाही म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार. ती एकट्या ब्राह्मणांत नाही, सगळ्या वर्गांत भिनलीय, हेही त्यांनी बजावलं.

सगळ्या वर्गांत म्हणजे आपल्याही खोपटात. बाहेर समतेचं भाषण ठोकून घरी आलेला कार्यकर्ता ताटाला हात लावून बसतो, "वाढ" म्हणतो, तेव्हा तो कोण असतो? बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून १९८६ साली आलं. त्याआधी कैक वर्षं त्यांनी ते नवऱ्यापासून लपवून लिहिलं. कुणापासून लपवावं लागलं? सनातन्यांपासून नव्हे. आपल्याच घरातल्या पुरुषापासून. ते वाचून ज्याची मान खाली जात नाही त्यानं खुशाल भाकरीवर कविता कराव्यात.

मी महिनाभर तव्यापुढं उभा आहे. पहिल्या दिवशी कांदा जाळला, बोटं भाजली. आई हसली. पहिल्यांदा ती बसलेली होती आणि मी वाढत होतो. ती ओळ मला कवितेत कधी सुचली नव्हती.

तर मागणी अशी. मजुरी रोख आणि पुरी. गोल्टी मजुरीत धरायची नाही. गिरणीत डब्याची पंगत एकच. आणि तिसरी मागणी आपली आपल्याकडंच. येत्या रविवारी बैठक आमच्या वस्तीत आहे. बटाटे मी आणतो. वाळला कांदा आईचा. त्याचे पैसे वर्गणीतून तिच्या हातात द्यायचे. तवा आपण तापवायचा, आपणच घासायचा. बाया सभेत पुढं बसतील आणि आधी बोलतील.

ज्याला जमत नसेल त्यानं येऊ नये. कविताही पाठवू नये.

जय भीम.