धावणाऱ्या मुलीचे हृदय

मुलगा लांब पल्ल्याच्या शर्यती धावू लागला की घरात कौतुक होते, त्याच वयाची मुलगी धावू लागली की "तिच्या हृदयाला झेपेल का?" असा प्रश्न निघतो. ही शंका आपल्याच घरांतली नव्हे. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या. शेवटी काहीजणी थकून खाली बसल्या, याचा एवढा गवगवा झाला की ती शर्यत त्यांच्यासाठी १९६० पर्यंत बंद राहिली. स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ मध्ये सुरू झाली.

नियमित सरावाने हृदय बदलते, हे स्वीडनमधील हेन्शेन या वैद्यांनी १८९९ मध्येच नोंदवले होते. डावा खालचा कप्पा मोठा होतो, प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त बाहेर पडते आणि विश्रांतीच्या वेळी नाडी मंदावते. एका खेपेत अधिक माल नेणाऱ्या गाडीला कमी खेपा पुरतात, तसेच हे आहे. त्यामुळे रोज सराव करणाऱ्या निरोगी मुलाची किंवा मुलीची नाडी पन्नाशीच्या आसपास आली, तर तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या हृदयात फारसा फरक नसतो. पुढे मुलाच्या शरीरात स्नायू वाढतात आणि त्याबरोबर हृदयाचा आकारही. मुलीचे हृदय सरावाने मोठे होतेच. पण कप्पा रुंदावण्याच्या मानाने त्याची भिंत कमी जाड होते. ब्रिटनमधील ७२० निवडक किशोर खेळाडूंच्या हृदयाचे मोजमाप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. भिंतीची जाडी १२ मिलिमीटरच्या वर गेलेले केवळ ३ निघाले आणि मुलींपैकी एकीचीही जाडी ११ च्या पुढे गेली नव्हती. म्हणजे साडेबारा हा आकडा उंच्यापुऱ्या धावपटू मुलाच्या बाबतीत क्वचित सरावाचा परिणाम असू शकेल. मुलीच्या बाबतीत मात्र तो सरावाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येत नाही. अहवालाशेजारी छापलेली मर्यादा कोणासाठी आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

मात्र माझ्या मते मुलींचा खरा प्रश्न हृदयापेक्षा रक्ताचा आहे. किशोरवयात मुलाचे हिमोग्लोबिन वाढते. मुलीचे तसे वाढत नाही, शिवाय दरमहा रक्त जाते. जागतिक आरोग्य संघटनेने रक्तक्षयाची सीमा पंधरा वर्षांवरील मुलींसाठी १२ आणि मुलांसाठी १३ ग्रॅम धरली आहे. हृदय कितीही तयार असले, तरी रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्यच कमी असेल तर पाय लवकर थकतात. आणि घरचे म्हणतात, हिला झेपत नाही!

येथे आपल्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. "बीट खा" हा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही, आणि त्याने फार बिघडतही नाही. बिटात लोह बेताचेच असते. अळीव, तीळ, चवळी, मटकी, हरभरा ही आपली साधने. शाकाहारातील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा हवा आणि जेवणावर लगेच चहा नको. बी-१२ चीही तपासणी करून घ्यावी. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मुलीने उपवासाचे पच्चक्खाण घेतले असेल, तर त्या दिवसांत कठोर सराव थांबवावा. प्रशिक्षकाला हे आधीच सांगून ठेवावे. सरावाच्या काळात मासिक पाळी महिनोन्महिने बंद राहिली, तर "खेळाडूंचे असे होतेच" म्हणून सोडून देऊ नये. खर्चाच्या मानाने अन्नाची जमा कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडांचेही नुकसान होते.

मुलांच्या बाबतीत आपण उलट बेफिकीर असतो. खेळताना अकस्मात हृदय बंद पडण्याचे प्रसंग मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी अधिक घडतात. इटलीने १९८२ पासून स्पर्धेतील खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. तेथील व्हेनेतो प्रांतात पुढील दोन दशकांत असे मृत्यू सुमारे ९० टक्क्यांनी घटले. धावता धावता भोवळ येणे, छातीत दुखणे, घराण्यात कोणी तरुण वयात अचानक गेलेले असणे, यांपैकी काहीही असल्यास मुलगा असो वा मुलगी, आधी हृदयतज्ज्ञांकडे जावे. शंका उरली तर ते काही महिने सराव थांबवून पुन्हा मोजमाप घेण्यास सांगतात. सरावाने जाड झालेली भिंत विश्रांतीने पुष्कळदा उतरते, आजाराने झालेली सहसा उतरत नाही. तेवढा एक हंगाम हुकला तर हुकू द्यावा.