नक्कल दुकानाबाहेर हवी

सुरतेच्या मालाची बिले, गिऱ्हाइकांची उधारी, सारे आता कॉम्प्युटरात असते. आपले बहुतेक व्यापारी नक्कल काढतात, पण तो पेन ड्राइव्ह त्याच गल्ल्यात! २६ जुलै २००५ सारखे पाणी दुकानात शिरले तर दोन्ही जाणार. तो कॉम्प्युटरलाच लावून ठेवला, तर २०१७ च्या ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर व्हायरस त्यालाही कुलूप घालतो.

सूरह बकराची २८२ वी आयत उधार लिहून ठेवायला सांगते. लिहिलेलेच गेले, तर वसुली देणेकऱ्याच्या इमानावर. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात.

माझ्या मते दोन ड्राइव्ह घ्यावेत. दर जुम्याला ताजी नक्कल घरी न्यावी, घरचा ड्राइव्ह दुकानात आणावा. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. मुनीमजींच्या ‘झाले’वर विसंबू नये.