मागच्या दारचा सोनटक्का

प्रवराकाठच्या बेलापुरात जुने वाडे उतरवून आरसीसीची घरं उभी राहिली, तसं अंगण गेलं आणि बोळ उरला. आमच्या बोळात सकाळी तासभर तिरीप पडते, मग दिवसभर सावली. तिथे लावायचं काय, यावरून घरात दोन पक्ष आहेत: एक स्नेक प्लांटचा, दुसरा सोनटक्क्याचा. मी दुसऱ्यातला, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या पक्षाची बाजू लेचीपेची नाही. श्रीरामपूर तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात घागरीचाही हिशेब लागतो. स्नेक प्लांट पानांतच पाणी साठवतं. पंधरा दिवस विसरलात तरी बिघडत नाही, उलट रोज पाणी घालणाऱ्या मायाळू हातानंच ते कुजतं. फक्त ते घरातली हवा शुद्ध करतं, हे नर्सरीतलं पालुपद आवरावं. नासाचा १९८९ चा तो गाजलेला प्रयोग बंद पेटीत झाला होता. वारा खेळणाऱ्या घरात चार कुंड्यांनी फरक पडत नाही, असं २०१९ च्या फेरआढाव्यात दिसलं.

सोनटक्का हळदी-आल्याच्या कुळातला, मूळचा हिमालयाच्या पायथ्याकडच्या ओलसर रानातला. त्याला सावली चालते, कोरड चालत नाही. मेच्या झळांत पानांची टोकं करपतात. आणि सावली चालते म्हणजे अंधार चालतो असंही नाही. मी आधी गड्डे लावले ते बोळाच्या पार आतल्या टोकाला. दोन वर्षं नुसता पाला. तिसऱ्या वर्षी उकरून मोरीच्या तोंडाशी, तिरिपेत आणले, तेव्हा श्रावण सरता सरता पहिला दांडा फुलला. दिवेलागणीला हिरव्या खवल्यांतून पांढरी गुंडाळी सुटते आणि वास थेट ओट्यावर येतो. दुसऱ्या दुपारी तेच फूल पिवळट, मऊ होऊन लोंबतं.

आमचा पक्ष उसाचा दाखला देतो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. कालव्याच्या जिवावर शिवारभर ऊस पाणी पितो, मग दोन गड्ड्यांनी काय घोडं मारलं? हा युक्तिवाद मला पटत नाही. पाटाचं पाणी आणि घागरीचं पाणी एका मापानं मोजता येत नाही. शिवाय पाणी अति होऊन चोपण झालेल्या जमिनी याच कालव्यांच्या पट्ट्यात आहेत. उसाकडून शिकायचंच तर ते शिकावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सोनटक्का लावावा, पण एकदा वापरलेल्या पाण्यावर. तांदूळ-भाजी धुतलेलं, कपडे शेवटचे खळबळलेलं पाणी चालतं. साबणाचं पहिलं पाणी आमच्या काळ्या मातीला आणखी चिकट करतं. त्या मातीत वाळू नि शेणखत मिसळून गड्डे वरवर लावावेत, डबकं साचू देऊ नये, नाहीतर फुलांआधी डास येतील. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडाशी कापावा. ज्यांच्या मोरीचं पाणी थेट गटारात जातं, त्यांनी मात्र हट्ट धरू नये.

बोळाचं अंधारं टोक आम्ही स्नेक प्लांटला देऊन टाकलं आहे. येत्या जूनमध्ये मोरीपाशी दाटलेले गड्डे फोडायचेत. त्यातले दोन पहिल्या पक्षानं आत्ताच मागून ठेवलेत.