खोकताना लघवी सुटते, पण सांगायचे कुणाला?



मागच्या थंडीतली गोष्ट. पंचावन्नच्या आसपासच्या एक खाला गुडघे दाखवायला दवाखान्यात आल्या. गुडघे पाहून झाले, औषधे लिहून झाली. सून चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेली, तशी खालांनी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी हळू म्हणाल्या, "डॉक्टर, खांसी आई तो पेशाब निकल जाता. छींक आई तो भी." कधीपासून? तर धाकट्या मुलाच्या जचगीपासून. तो धाकटा आता इंजिनिअरिंगला आहे.

वीस वर्षे! या वीस वर्षांत त्यांनी आपल्या परीने सगळी व्यवस्था लावून ठेवली होती. पर्समध्ये जास्तीची सलवार, बाहेर जायचे असेल तर सकाळपासून पाणी बंद, शहागंजच्या बाजारात अर्धी खरेदी टाकून रिक्षाने घरी. बायकांच्या इज्तिमाला जाणे हळूहळू सुटले. घरच्यांना वाटे, अम्मी गुडघ्यांमुळे येत नाहीत. आता मुलगा उमऱ्याचे पैसे भरायला निघाला होता आणि या नको म्हणत होत्या. "हरम में ऐसा हुआ तो? बार-बार वुजू करने कहाँ जाऊँ?" गुडघे हे निमित्त होते. खरे दुखणे हे होते.

खालांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पण हे वाचताना तुमच्यापैकी काही जणींना वाटेल की ही माझीच गोष्ट लिहिली आहे, तर त्यात नवल नाही. दर आठवड्याला अशा दोन-तीन जणी तरी माझ्यासमोर बसतात, आणि जवळपास प्रत्येकीला वाटते की हे फक्त आपल्यालाच होते. उरलेल्यांना वाटते की मुले झाली, वय झाले, म्हणजे हे असेच असायचे. या दुसऱ्या समजुतीने जास्त नुकसान केले आहे.

शरीरात काय होते ते आधी पाहू. आपल्या ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. डॉक्टर तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशयाची पिशवी आणि गुदाशय हे तिन्ही अवयव या झोळीवर विसावलेले असतात, आणि लघवीची, बाळाची व शौचाची वाट याच झोळीतून जाते. आपण खोकतो, हसतो, वजन उचलतो तेव्हा पोटातला दाब एकदम खाली येतो. झोळी घट्ट असेल तर ती त्याच क्षणी आवळली जाते आणि लघवीची वाट बंद राहते. सैल असेल तर थेंब सुटतात. ती फारच सैल पडली तर पिशवी खाली सरकते. आपल्याकडे त्याला 'अंग बाहेर येणे' म्हणतात.

झोळी सैल का पडते? नऊ महिने बाळाचा भार, मग प्रसूतीत पडणारा ताण, हे पहिले कारण. "माझे तर सिझर झाले, मला का?" असे पुष्कळ जणी विचारतात. सिझरमध्ये प्रसूतीचा ताण टळतो, पण नऊ महिन्यांचा भार टळत नाही. त्यात भर पडते जुनाट खोकल्याची, बद्धकोष्ठतेची, वाढलेल्या वजनाची, पाळी गेल्यानंतर होणाऱ्या बदलांची. आणि ओझ्याची. आपल्या शहरात नळाला किती दिवसांनी पाणी येते हे मी तुम्हाला सांगायला नको. आले की सगळी कामे टाकून ड्रम, टाक्या, हंडे भरायचे आणि बादल्या जिन्याने वर न्यायच्या, हे काम घरात कोण करते तेही तुम्हाला ठाऊक आहे. ओल्या बाळंतिणीनेसुद्धा कधी कधी केलेले मी पाहिले आहे.

चाळीस दिवसांत आपण बाळंतिणीला हरीरा देतो, डिंकाचे लाडू देतो, शेक देतो, पोट बांधतो. विश्रांती आणि चांगले खाणे, दोन्ही उत्तम. पण पोट घट्ट बांधल्याने खालचे स्नायू मजबूत होत नाहीत. ज्या स्नायूंनी सगळ्यात जास्त सोसले, त्यांच्यासाठी त्या चाळीस दिवसांत कोणी काहीच करत नाही.

हे मौन फक्त आपल्या मोहल्ल्यातले नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांचा कोणता ना कोणता आजार निघाला. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या मात्र शंभरात फक्त आठ होत्या. अभ्यास केवळ लघवी सुटण्याचा नव्हता, सगळ्याच स्त्रीरोगांचा होता. त्याला आता साडेतीन दशके झाली. आज आपल्या शहरात गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तरी खालांना बोलायला वीस वर्षे लागली.

खालांना मी जे सांगितले तेच इथे लिहिते. या स्नायूंचा व्यायाम असतो. कॅलिफोर्नियातले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो वैद्यकीय जगापुढे मांडला, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, बुरख्यात बसमध्ये बसून केला तरी शेजारणीला कळत नाही. आणि तो गुणकारी आहे. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेने जो आढावा घेतला, त्यात खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम केलेल्या शंभरात ५६ जणींनी त्रास पूर्ण गेल्याचे सांगितले. व्यायाम न केलेल्या शंभरात फक्त सहा जणींनी.

मात्र तो बरोबर करावा लागतो, आणि इथेच गडबड होते. पहिल्यांदा करणाऱ्या कित्येक जणी आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात, म्हणजे नेमके उलटे.

पाठीवर झोपा, गुडघे दुमडा. आता कल्पना करा की चार माणसांत बसला आहात आणि गॅस सुटू पाहतो आहे, तो रोखायचा आहे. त्याच वेळी लघवीही रोखायची आहे. जे स्नायू आत आणि वर ओढले गेले, तेच आपले स्नायू. पोट, मांड्या, नितंब सैल राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. श्वास रोखला की दाब पुन्हा खालीच जातो. शंका असेल तर आंघोळीच्या वेळी बाहेरून हात ठेवून पाहा. आत ओढल्यासारखे जाणवले तर बरोबर, हाताकडे फुगवटा आला तर चूक.

सापडले की पाच अंक मोजेपर्यंत आवळून धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणे हाही व्यायामाचा अर्धा भाग आहे. घाईत तो राहून जातो. पाच जमत नसतील तर दोनने सुरुवात करा. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू पाचाचे दहा करा. शेवटी आठ-दहा वेळा पटकन आवळा, पटकन सोडा. झोपून जमले की बसून, बसून जमले की उभे राहून.

तीनदाची आठवण कशी ठेवायची? आपल्याला घड्याळ शोधावे लागत नाही. फज्र, असर आणि इशाची नमाज व दुआ झाली की मुसल्ल्यावरच बसून करा. नमाजेत मात्र नको. नमाज ही इबादत आहे, तिचे आरोग्याचे फायदे मोजत बसणे मला व्यक्तिशः आवडत नाही. पण ज्यांना पिशवी खाली आल्यासारखे जड वाटते, त्यांनी नमाज संपल्यावर सजद्यासारख्या अवस्थेत, कोपरे टेकून व्यायाम करून पाहावा. कंबर वर असल्याने झोळीवरचा भार उतरतो आणि स्नायू सहज ओढले जातात. गुडघे दुखत असतील तर झोपूनच करा.

एक युक्ती आणखी. खोकला किंवा शिंक येते आहे असे वाटताच, ती येण्याच्या आधी स्नायू आवळा. भरलेली बादली उचलतानाही आधी आवळा, श्वास सोडत उचला. १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात एवढी एकच युक्ती आठवडाभर शिकलेल्या स्त्रियांची खोकतानाची गळती बरीच कमी झालेली दिसली.

लघवी करताना मध्येच धार तोडणे हा व्यायाम नव्हे. रोज तसे केल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. पाणी कमी पिणे हाही उपाय नव्हे. लघवी गडद होते, मूत्राशयाला चुरचुरते, उलट घाई वाढते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तो शुद्ध धोका आहे. कमी करायचाच असेल तर चहा करा. दिवसाला सहा-सहा कप पिणाऱ्या मला माहीत आहेत. (मीही त्यातलीच होते.)

फरक चार दिवसांत पडत नाही. सहा-आठ आठवड्यांनी जाणवू लागतो आणि निदान तीन महिने नेमाने करावे लागते. पुढेही थोडे चालू ठेवा.

वुजूचे काय, हा प्रश्न मला औषधापेक्षा जास्त वेळा विचारला जातो. मी डॉक्टर आहे, फतवा देणे माझे काम नाही. इतके ठाऊक आहे की ज्यांची गळती सतत असते त्यांच्यासाठी शरीयतने सवलत ठेवली आहे. ती कुणाला, कधी लागू होते हे आपल्या आलिमांना किंवा मुफ्तीसाहेबांना विचारा. स्वतःच ठरवून नमाज सोडू नका. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांनी न थांबणाऱ्या रक्तस्रावाबद्दल थेट प्रेषितांना (स.) विचारले होते, आणि दीन शिकताना लाज आड येऊ न देणाऱ्या अन्सारी स्त्रियांची हजरत आयशा (रजि.) यांनी स्तुती केली आहे.

आता व्यायामावर थांबू नये अशा तक्रारी. लघवीला जळजळ, ताप, लघवीतून रक्त. योनीतून गोळा बाहेर आल्यासारखे वाटणे. अवघड बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस अखंड गळती. पायांत अचानक बधिरपणा किंवा अशक्तपणा. संबंधाच्या वेळी किंवा एरवीही खाली वेदना, कारण काहींचे स्नायू सैल नसून अति आवळलेले असतात आणि त्यांना आवळण्याचा व्यायाम त्रासच देतो. लघवीची घाई इतकी की मोरीपर्यंत पोचता येत नाही, अशा जणींनी साखरही तपासून घ्यावी. आपल्या घाटी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. महिला डॉक्टरच हवी असे सांगायला संकोच करू नका.

आणि कोणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कारणे अनेक होती. कधी कधी पिशवी काढणे खरोखर गरजेचे असते, हेही मान्य. पण पिशवी काढल्याने झोळी मजबूत होत नाही, लघवी सुटायची थांबेलच असेही नाही. अंग थोडे खाली आले असेल तर व्यायाम आहे, आतून आधार देणारी रिंग आहे. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी तर तरुण स्त्रियांची पिशवी न काढता वर बांधण्याची शस्त्रक्रिया गेल्या शतकातच बसवली होती.

पुरुषांनाही ही झोळी असते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर घरातले अब्बा किंवा दादाजी मशिदीत जायचे टाळू लागले असतील, तर कारण हेच असू शकते. व्यायाम तोच. त्यांच्या मुलांनी हे पान त्यांच्यासमोर ठेवावे.

खाला साडेतीन महिन्यांनी आल्या. पहिल्या महिन्यात काहीच फरक नव्हता. त्या चिडल्या होत्या, व्यायाम सोडणार होत्या. तपासले तर त्या श्वास रोखून पोटच आवळत होत्या. पुन्हा शिकवले. दोन महिन्यांनी खोकताना सुटणे थांबले. जोराची शिंक आली की अजून थेंबभर होते, तेवढ्यासाठी पॅड वापरतात. उमरा करून आल्या. मला जमजम आणि अजवा खजूर आणली. तिकडे एसीच्या बसमध्ये एकदा झालेच, म्हणाल्या, पण दुसरी सलवार होती, उतरून वुजू केला आणि पुढे गेले.

या वेळी सून बाहेर थांबली नव्हती, आतच बसली होती. तिला सातवा महिना चालू आहे. गरोदरपणात हा व्यायाम सुरू करणे सगळ्यात चांगले, हे तिला सासूनेच सांगून ठेवले होते. नॉर्मल जचगी झाली तर, वेदना नसतील आणि लघवीची नळी काढलेली असेल तेव्हा, पहिल्या काही दिवसांतच हलकेच पुन्हा सुरू करता येतो, हे मी सांगितले. तिने एकच विचारले, रोज्यात केला तर चालतो का? चालतो.